सॅम्युअल कोल्ट : कारखान्याचे श्रेय आणि बंदुकीचा हिशेब

विशेष प्रतिनिधी

रिव्हॉल्व्हरशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्या सॅम्युअल कोल्टने यंत्राधारित उत्पादनाला नवे वळण दिले आणि बंदुकीच्या बाजारपेठेलाही. पहिल्या देणगीचा लाभ साऱ्या जगाने घेतला. दुसरीचे देणे अद्याप फिटलेले नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ जून २०२५ रोजी एकमताने दिलेल्या निकालामुळे एका लक्षवेधी खटल्यावर पडदा पडला. मेक्सिको सरकारने २०२१ साली अमेरिकी बंदूक उत्पादकांविरुद्ध बोस्टनच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला होता. आपल्या बंदुका सीमेपलीकडील अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या हाती पडतात हे ठाऊक असूनही उत्पादक ती वाट बंद करत नाहीत, अशी मेक्सिकोची तक्रार होती. त्या देशात नागरिकाला कायदेशीर मार्गाने बंदूक मिळते ती केवळ लष्कराच्या दुकानातून. तरीही तेथील गुन्ह्यांमध्ये अमेरिकी बनावटीच्या शस्त्रांचा सुळसुळाट आहे.

मूळ दाव्यातील प्रतिवादींमध्ये ‘कोल्ट’ ही कंपनीही होती. अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर २०२४ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने तिला वगळले आणि सर्वोच्च न्यायालयापुढे ‘स्मिथ अँड वेसन’सह दोनच कंपन्या उरल्या. तथापि या यादीत कोल्टचे नाव असणे इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण होते. कारण या नावाचे भाग्य प्रथम उजळले ते १८४७ साली, मेक्सिकोविरुद्धच्या युद्धासाठी अमेरिकी सरकारने मागवलेल्या एक हजार रिव्हॉल्व्हरांमुळे. ज्या देशावर रोखलेल्या शस्त्रांतून या उद्योगाची उभारणी झाली, त्याच देशाने पावणेदोनशे वर्षांनी त्याला न्यायालयात खेचले.

एखाद्या शस्त्रनिर्मात्याच्या वारशाचे मूल्यमापन नेमके कशाच्या आधारे करावे? त्याच्या यांत्रिक प्रतिभेच्या, त्याने उभारलेल्या उद्योगाच्या, की त्याच्या मालाने घेतलेल्या बळींच्या? कोल्टच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ते सोडवण्यासाठी मुळापासूनच सुरुवात करावी लागते.

कलकत्त्याच्या वाटेवर

सॅम्युअल कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला. शाळेत त्याचे मन रमले नाही. १८३० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. हे जहाज बोस्टनहून कलकत्त्याला निघाले होते. या प्रवासात त्याने लाकूड कोरून फिरत्या कप्प्यांच्या पिस्तुलाची प्रतिकृती तयार केली. जहाजाचे सुकाणूचक्र फिरताना आणि ठरावीक जागी अडकताना पाहून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्याचे हे लाकडी नमुने हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयाने जतन केले आहेत.

सुकाणूचक्राची गोष्ट मनोवेधक असली, तरी ती जपून घ्यावी लागते. फिरत्या कप्प्यांची बंदूक कोल्टच्या आधी अस्तित्वात होती. एलिशा कॉलियर या अमेरिकी कारागिराने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये अशा चकमकीच्या बंदुकीचे पेटंट घेतले होते आणि त्याच्या बंदुका हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेपर्यंत पोहोचल्या होत्या. कोल्टने त्यातली एखादी कलकत्त्यात पाहिली असावी, अशी शंका काही इतिहासकारांनी व्यक्त केली आहे. तात्पर्य, कोल्टला ‘रिव्हॉल्व्हरचा शोधक’ म्हणणे काटेकोर अर्थाने बरोबर ठरत नाही.

मग त्याचे नवे काय होते? कॉलियरच्या बंदुकीत प्रत्येक बार उडाल्यावर कप्पा हाताने फिरवावा लागे. कोल्टच्या रचनेत घोडा मागे ओढला, की त्याच हालचालीने कप्पा एका घराने पुढे सरके, नवा बार नळीसमोर अचूक येई आणि कप्पा तेथे घट्ट अडके. चकमकीच्या जागी स्फोटक टोपी आल्याने ही योजना पुरेशी भरवशाची झाली होती. ठासणीच्या एकबारी पिस्तुलाच्या काळात पाच किंवा सहा बार लागोपाठ काढता येणे, हा मोठाच बदल होता.

प्रारंभीच्या नमुन्यांसाठी लागणारा पैसा त्याने काहीशा अजब मार्गाने उभा केला. स्वतःच्या नावामागे ‘डॉक्टर’ अशी पदवी लावून तो गावोगाव हास्यवायूचे, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचे, जाहीर प्रयोग करत असे. गर्दी कशी जमवावी, तिचे लक्ष कसे धरून ठेवावे, याचे शिक्षण त्याला येथेच मिळाले. पुढच्या आयुष्यात ते यंत्रज्ञानाइतकेच कामाला आले.

दिवाळे आणि युद्ध

१८३५ मध्ये इंग्लंडचे आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेचे पेटंट मिळताच कोल्टने न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे कारखाना काढला. माल महाग होता, नाजूक होता आणि लष्कराला त्याचा भरवसा वाटत नव्हता. १८४२ मध्ये कंपनी बुडाली. त्या वेळी शांतता टिकून राहिली असती, तर कोल्ट हे नाव पेटंटांच्या जुन्या वह्यांतच राहिले असते.

परंतु पॅटर्सनच्या काही बंदुका टेक्सासमध्ये पोहोचल्या होत्या. जून १८४४ मध्ये जॅक हेज याच्या हाताखालील टेक्सास रेंजर्सच्या छोट्या तुकडीने संख्येने कितीतरी अधिक असलेल्या कोमांची योद्ध्यांना या शस्त्रांच्या बळावर मागे रेटले. तोवर घोडेस्वारीत निष्णात असलेल्या कोमांचींचे एक साधे गणित होते. गोऱ्यांनी बार काढला, की पुन्हा ठासेपर्यंत अनेक बाण सोडता येतात. रिव्हॉल्व्हरने ते गणित मोडले. अमेरिकी कथा-कादंबऱ्यांत ही घटना शौर्यगाथा म्हणून रंगवली जाते. स्वतःच्या भूमीतून हुसकावल्या जाणाऱ्या मूळ रहिवाशांच्या बाजूने पाहिले, तर त्यांच्या पराभवाच्या मालिकेतील ती एक निर्णायक पायरी ठरते.

या लढाईत असलेल्या कॅप्टन सॅम्युअल वॉकर याच्याशी १८४६ मध्ये, मेक्सिकोशी युद्ध जुंपल्यावर, कोल्टचा पत्रव्यवहार झाला. दोघांनी मिळून नव्या रिव्हॉल्व्हरचा आराखडा ठरवला : सहा बार, .४४ इंच व्यास आणि वजन सुमारे दोन किलो. सरकारने एक हजार नगांची मागणी नोंदवली. कोल्टजवळ तेव्हा कारखानाच नव्हता. म्हणून हे काम एली व्हिटनी ज्युनिअर याच्या कारखान्यात करून घेण्यात आले. खुद्द वॉकर ऑक्टोबर १८४७ मध्ये मेक्सिकोतील वामांत्ला येथील लढाईत मारला गेला. कोल्टचा धंदा मात्र पुन्हा उभा राहिला आणि त्याने आपल्या जन्मगावी, हार्टफर्डमध्ये, बस्तान बसवले.

खरी निर्मिती : कारखाना

कोल्टच्या वारशातील सर्वांत भरीव भाग येथे सुरू होतो. १८४९ मध्ये त्याने एलिशा रूट या कुशल यंत्रज्ञाला कारखान्याचा प्रमुख म्हणून आणले. रूटने एकेका भागासाठी स्वतंत्र यंत्रे रचली, साचे आणि मापे ठरवली आणि पूर्वी एका कारागिराच्या हातून होणारे काम शेकडो लहान क्रियांमध्ये विभागले. १८५५ मध्ये कनेक्टिकट नदीकाठच्या पूरप्रवण कुरणांवर सुमारे तीन किलोमीटरचा बांध घालून नवा भव्य कारखाना उभारण्यात आला. त्याच्या माथ्यावर सोनेरी ताऱ्यांचा निळा घुमट होता आणि घुमटावर मागच्या पायांवर उभे राहिलेले शिंगरू. ‘कोल्ट’ या शब्दाचा अर्थच शिंगरू.

या यशाविषयीही एक अतिशयोक्ती रूढ आहे. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग पूर्णतः अदलाबदल करता येण्याजोगे होते, असा दावा त्या काळी केला जाई. वस्तुतः यंत्रावर तयार झालेल्या भागांवर अखेरीस कानस चालवावीच लागे आणि जुळवलेले भाग एकत्र राहावेत म्हणून त्यांवर क्रमांक ठोकले जात. असे असले तरी एवढ्या बारीक मापाचे काम एवढ्या प्रमाणावर यंत्रांकडून करून घेणे त्या काळी विलक्षणच होते. लंडनमधील १८५१ च्या महाप्रदर्शनात कोल्टच्या मालाने लक्ष वेधले. त्याच वर्षी तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने यंत्राद्वारे शस्त्रनिर्मिती या विषयावर निबंध वाचला आणि १८५३ मध्ये लंडनच्या पिमलिको भागात कारखानाही काढला. तो १८५६ मध्ये बंद पडला.

१८५४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या लहान शस्त्रांविषयीच्या समितीपुढे कोल्टची साक्ष झाली. त्याच सुमारास अमेरिकी पद्धतीचा अभ्यास करण्यासाठी गेलेल्या ब्रिटिश पथकाने एनफिल्डच्या सरकारी कारखान्यासाठी अमेरिकेतून यंत्रे मागवली. एनफिल्ड हे नाव आपल्याकडे अपरिचित नाही. १८५७ च्या उठावाचे एक निमित्त ठरलेली काडतुसे एनफिल्ड बंदुकीचीच होती.

हार्टफर्डचा कारखाना ही एका अर्थाने यंत्रविद्येची शाळा ठरली. फ्रान्सिस प्रॅट आणि एमॉस व्हिटनी हे दोघे कोल्टकडे काम करून बाहेर पडले आणि त्यांनी १८६० मध्ये अचूक यंत्रहत्यारे बनवणारी स्वतःची पेढी काढली. १९२५ मध्ये याच पेढीच्या आधाराने हार्टफर्डमध्ये विमानांची इंजिने बनवणारी ‘प्रॅट अँड व्हिटनी’ कंपनी जन्माला आली. तिची इंजिने भारतातील प्रवासी विमानांनाही बसवलेली आहेत. ‘कॅडिलॅक’ आणि ‘लिंकन’ या मोटारींचा निर्माता हेन्री लेलँड यानेही उमेदीच्या काळात कोल्टच्या कारखान्यात काम केले होते. शिवणयंत्रे, सायकली, टंकलेखन यंत्रे आणि मोटारी यांच्या उत्पादनाला ज्या पद्धतीने गती दिली, तिची जडणघडण न्यू इंग्लंडमधील शस्त्रशाळांत झाली आणि त्यांत कोल्टची शस्त्रशाळा अग्रभागी होती. त्याच्या वारशातील हा भाग निर्विवाद आहे.

गरज निर्माण करण्याची कला

लष्कराची मागणी युद्धापुरती असते, हा धडा कोल्ट पॅटर्सनमध्ये शिकला होता. कारखाना सतत चालवायचा तर सामान्य नागरिक हा ग्राहक झाला पाहिजे, हे त्याने ओळखले. त्यासाठी त्याने जे केले, ते त्या काळाच्या फार पुढचे होते.

मूळ अमेरिकी लोकांच्या चित्रांसाठी ख्यातनाम असलेल्या जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराकडून त्याने शिकारीची आणि प्रवासाची चित्रे काढून घेतली. त्या चित्रांत नायकाच्या हाती कोल्टची बंदूक स्पष्ट दिसे. त्यांचे छापील शिलाचित्रण करून ती सर्वत्र पाठवण्यात आली. आजच्या चित्रपटांतून दिसणाऱ्या छुप्या जाहिरातीचे हे पूर्वरूपच म्हटले पाहिजे. रिव्हॉल्व्हरच्या कप्प्यावर रेंजर्स आणि कोमांची यांची झुंज किंवा घोडागाडीवरील दरोडा अशी दृश्ये कोरलेली असत. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या हाती शस्त्राबरोबर एक गोष्टही पडे : जग धोक्याचे आहे, आणि त्यात तुझे रक्षण तूच करायचे आहेस.

राजे, सेनानी आणि लोकप्रतिनिधी यांना सोन्याचे नक्षीकाम केलेली पिस्तुले भेट देण्याची त्याची रीत प्रसिद्ध होती. पेटंटची मुदत पुन्हा वाढवून मिळावी म्हणून झालेल्या खटपटींची १८५४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. ती मुदतवाढ त्याला मिळाली नाही. त्याआधी १८५१ मध्ये मात्र ‘मॅसॅच्युसेट्स आर्म्स’ या प्रतिस्पर्धी कंपनीविरुद्धचा पेटंटचा खटला जिंकून त्याने आपली मक्तेदारी राखली होती.

कोल्ट १० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी वारला. तोवर त्याच्या कारखान्यांतून सुमारे ४ लाख शस्त्रे बाहेर पडली होती आणि त्याची मालमत्ता दीड कोटी डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले जाई. ‘देवाने माणसे निर्माण केली आणि कोल्टने त्यांना समान केले’ अशा अर्थाची म्हण पुढे अमेरिकेत रुजली. पश्चिमेकडील प्रदेश ‘जिंकणारे’ म्हणून गाजलेले कोल्टचे रिव्हॉल्व्हर १८७३ चे, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी बाजारात आलेले आहे. पण त्याने घडवलेल्या प्रतिमेचे सामर्थ्य असे, की त्याचेही श्रेय त्यालाच मिळाले.

ग्राहक कोण, हे न पाहणारा व्यापार

क्रिमियाच्या युद्धाच्या काळात रशियाचा झार आणि तुर्कस्तानचा सुलतान या दोघांनाही कोल्टने भेटी दिल्या. प्रतिपक्ष माल घेत असल्याचे एकाला सांगून दुसऱ्याला तो विकायचा, हे त्याचे तंत्र असल्याचे म्हटले जाते. अमेरिकेत यादवीचे ढग जमले, तेव्हा युद्धाला तोंड फुटेपर्यंत त्याची गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणी राज्यांना होणारी विक्री सुरूच होती आणि उत्तरेतील वृत्तपत्रांनी त्यावर झोड उठवली. युद्ध पेटल्यावर उत्तरेच्या सरकारने कोल्टच्या १८६० च्या नमुन्याची सव्वा लाखाहून अधिक रिव्हॉल्व्हरे घेतली.

शस्त्राला पक्ष नसतो, हे या व्यापाराचे नेहमीचे समर्थन. त्यात तथ्य नाही असे नव्हे. चंद्रशेखर आझाद यांनी २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये पोलिसांशी अखेरची झुंज दिली, तेव्हा त्यांच्या हाती कोल्ट कंपनीचेच पिस्तूल होते. ते आज तेथील संग्रहालयात आहे आणि भारतीय मन त्यापुढे नम्र होते. परंतु ते पिस्तूल पूज्य ठरले ते आझादांच्या ध्येयामुळे आणि बलिदानामुळे. त्याचे श्रेय कारखानदाराकडे जात नाही. मग गुन्हेगाराने केलेल्या गोळीबाराचा दोष तरी कारखानदाराकडे कसा जाईल, असा युक्तिवाद साहजिकच केला जातो. कायद्यातील आजच्या वादाचा गाभा हाच आहे.

कायद्याची ढाल आणि तिची फट

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील अनेक शहरांनी बंदूक उत्पादकांवर दावे ठोकले. त्याला उत्तर म्हणून २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून, तिसऱ्याने केलेल्या गुन्ह्याबद्दल उत्पादक व विक्रेत्यांना दिवाणी दाव्यांपासून संरक्षण दिले. त्यात काही अपवाद ठेवण्यात आले. उत्पादकाने विक्री किंवा जाहिरातीविषयीचा कायदा जाणूनबुजून मोडला आणि त्यातून हानी झाली, तर हे संरक्षण उरत नाही.

ही फट उघडली ती कोल्टच्याच राज्यात. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील न्यूटाउन येथील सँडी हुक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. वापरलेली रायफल ‘बुशमास्टर’ नाममुद्रेची, एआर-१५ प्रकारातील होती. या प्रकाराचे हक्क कोल्ट कंपनीने १९५९ मध्ये विकत घेतले होते, त्यावरूनच लष्कराची एम-१६ तयार झाली आणि १९६० च्या दशकात कोल्टनेच तिची नागरी आवृत्ती बाजारात आणली. पेटंट संपल्यावर इतर कंपन्याही त्यात उतरल्या. मृतांच्या नातेवाइकांनी ‘बुशमास्टर’ची मालक असलेल्या रेमिंग्टन कंपनीच्या जाहिरातींना आव्हान दिले. लष्करी शस्त्राची भुरळ नागरिकांना घातली जाते, हा त्यांचा आक्षेप होता. कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जाहिरातीच्या मुद्द्यावर दावा चालवण्यास मुभा दिली आणि २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली.

मेक्सिकोच्या दाव्यातही जाहिरातीचा मुद्दा होता आणि त्यात कोल्ट ठळकपणे दिसत होती. मेक्सिकन क्रांतीचा नेता एमिलियानो झपाटा याचे चित्र कोरलेले कोल्टचे पिस्तूल तेथील टोळ्यांना आकर्षित करते, असे दाव्यात म्हटले होते. २०१७ मध्ये पत्रकार मिरोस्लावा ब्रीच यांची हत्या अशाच पिस्तुलाने झाल्याचाही त्यात उल्लेख होता. सर्वोच्च न्यायालयाने मात्र, अशा शस्त्रांची आवड कायदा पाळणाऱ्या लाखो अमेरिकी नागरिकांनाही असू शकते, असे म्हटले. न्यायमूर्ती एलेना कॅगन यांनी लिहिलेल्या निकालानुसार, गैरवापर होतो हे माहीत असणे आणि त्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे गुन्ह्याला साह्य करणे नव्हे.

न्यायालयाची ही भूमिका कायद्याच्या चौकटीत समजण्याजोगी आहे. तरीही कप्प्यावर झुंजीचे दृश्य कोरणारा कोल्ट आणि पिस्तुलावर झपाटा कोरणारी त्याच्या नावाची कंपनी यांच्यात एक सलग धागा आहे, हे नाकारता येत नाही.

हिशेब

कोल्ट कंपनीने पुढे बरेच चढउतार पाहिले. एलिझाबेथ कोल्ट हिने पतीच्या निधनानंतर १८६४ च्या आगीत खाक झालेला कारखाना पुन्हा बांधला आणि १९०१ पर्यंत मालकी सांभाळली. पती आणि मुलांच्या स्मरणार्थ तिने उभारलेल्या चर्चच्या एका दाराभोवती पिस्तुले आणि त्यांचे सुटे भाग दगडात कोरलेले आहेत. कंपनीवर १९९२ आणि २०१५ मध्ये दिवाळखोरीची वेळ आली. २०२१ मध्ये चेक प्रजासत्ताकातील सीझेड समूहाने ती विकत घेतली आणि पुढच्या वर्षी स्वतःच कोल्टचे नाव धारण केले. हार्टफर्डच्या जुन्या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा देण्याचा निर्णय २०१४ मध्येच झाला होता.

अमेरिकेत २०२३ या एका वर्षात बंदुकीने सुमारे ४६ हजार ७०० माणसे मरण पावली. त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. घर सुरक्षित राहावे म्हणून घेतलेले शस्त्र घरातल्याच माणसावर उलटते, असा या आकड्यांचा अर्थ आहे. हे सारे मृत्यू १८६२ मध्ये वारलेल्या एका माणसाच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे होईल. कायदे त्याने केले नाहीत आणि कोल्ट नसता तर दुसऱ्या कुणी रिव्हॉल्व्हर सुधारलेच असते. मात्र सामान्य माणसाच्या भीतीला बाजारपेठ बनवता येते, हे इतक्या पद्धतशीरपणे प्रथम दाखवून देणाऱ्यांत तो अग्रणी होता. त्याची यंत्रे कालबाह्य झाली, पेटंटे संपली. ही विक्रीची रीत तेवढी टिकून आहे.

भारतीय वाचकाने हा प्रश्न परका समजू नये. आपल्याकडे शस्त्रपरवान्याचा कायदा कडक आहे आणि बंदुकांची निर्मिती दीर्घकाळ प्रामुख्याने सरकारी कारखान्यांच्या हाती राहिली. २००१ पासून संरक्षण उत्पादनाची दारे खासगी उद्योगाला खुली झाली असून लहान शस्त्रांच्या निर्मितीतही कंपन्या उतरल्या आहेत. कारखाना आला की त्याच्या मागोमाग ग्राहकाचा शोध येतो, हे पॅटर्सन आणि हार्टफर्डने दाखवले आहे. उत्पादनाचे नियम करताना जाहिरातीचे आणि विक्रीच्या साखळीचे नियमही आधीच करून ठेवणे, हे कोल्टच्या चरित्रातून घेण्याजोगे व्यावहारिक शहाणपण होय. अमेरिकेतील न्यूयॉर्कसारख्या राज्यांना २०२१ नंतर ते नव्या कायद्यांनी, आणि तेही न्यायालयीन लढाया लढत, करावे लागत आहे.